दोन बोटं कमी

“मिस्त्री कुठं हायत?”

दुकानाच्या दारात एक ताठ म्हातारा उभा होता. डोक्याला फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा, पायात पॉलिश केलेले बूट. मी कानशीने एका सुट्या भागाची कड घासत होते. मान वर न करता म्हटलं, “समोर बसलेत.”

त्याने माझ्या मागे, आतल्या अंधारात नजर टाकली. त्या दिवसांत सगळेच तशी टाकायचे. अब्बा जाऊन वर्ष झालं होतं. पाटीवर ‘शिकलगार बंदूक दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं होतं आणि शिकलगार म्हणजे बाप्याच असणार असं साताऱ्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे भावाला बोलवा, कुणी म्हणे मालक कधी येतील. एकाने तर चहा सांगितला होता.

“तुमी?” म्हातारा म्हणाला.

“मी. बिल्कीस शिकलगार. काम सांगताय की मला मिशा फुटायची वाट बघताय?”

तो खो खो हसला. तिथेच मला माणूस आवडला. त्याने वहाणांच्या रांगेत बूट नीट जोडून ठेवले, आत येऊन स्टुलावर बसला आणि नाव सांगितलं. सुभेदार तुळाजी भोईटे, निवृत्त, मुक्काम हिंगणेवाडी. मग दाराकडे वळून हाक मारली, “वहिनी, या आत. हितंच हाय.”

पायरीवरून एक बाई उठली. उठली आणि उठतच राहिली म्हणावं, इतकी उंच. साठीच्या आतबाहेरची, रापलेली, कपाळ मोकळं. तिच्या हातात घोंगडीत गुंडाळलेलं लांब काहीतरी होतं. गावापासून एसटीत ती ते मांडीवर घेऊन आली होती आणि सुभेदारांना हातही लावू दिला नव्हता, हे मला नंतर कळलं.

“ह्या हौसाबाई,” सुभेदार म्हणाले. “हैबती जगदाळ्याच्या. हैबती माझा जोडीदार. चीनच्या लढाईत गेला. वर, बर्फात. ही त्याची रायफल.”

हौसाबाईंनी घोंगडी सोडली. थ्री-नॉट-थ्री. आमच्याकडे येणाऱ्या ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुकांपुढे ती वेगळीच दिसत होती. लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी, तेरा वर्षांमागे पलटणीने गावच्या स्मारकासाठी दिलेली, नळी बंद केलेली, बोल्ट वेल्ड केलेला. पोलिसांचं पत्र सुभेदारांनी मी न मागता पुढे केलं. ती पुन्हा कधी उडणार नव्हती. ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात उभी असायची आणि कार्तिकात स्मारकाच्या दिवशी बाहेर यायची. हौसाबाई तिला हार घालायच्या, सुभेदार सलामी द्यायचे.

कपाटाच्या तळाला वाळवी लागली होती. ती दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडात शिरली आणि वरवर चढत गेली. पुढचं लाकूड वाचलं, पण दस्ता आतून साफ. मी अंगठा दाबला तर तो आत गेला. वरचं कवच तेवढं उरलं होतं. त्यावर पांढऱ्या रंगात ४७ असा आकडा होता, साताची शेपटी वाळवीने खाल्लेली.

“त्यो त्यांचा नंबर,” हौसाबाई म्हणाल्या. “ह्यावरनंच तर वळकली भावजींनी.”

पलटणीत प्रत्येकाच्या रायफलच्या दस्त्यावर नंबर असतो. शिपाई एकवेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, बट नंबर विसरत नाही, असं अब्बा सांगायचे. मी सुभेदारांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या पान्यांकडे बघत होते.

“स्मारकाच्या दिवसाला हुईल का?” हौसाबाईंनी विचारलं. “मला दुसरं काय बी आलं न्हाई हो त्यांचं. पेटी न्हाई, कपडं न्हाई. माती बी न्हाई. ही एकच आली. ती बी आता भुगा हुन चालली.”

“होईल,” मी म्हटलं. “पण आधी लाकूड निवडू.”

माळ्यावरून तीन फळ्या काढल्या. सागवान, शिसव, अक्रोड. खरं सांगायचं तर अक्रोडाची फळी काढायची माझी इच्छा नव्हती. अब्बांनी ती उमेदीत आणलेली, काश्मीरकडच्या एका व्यापाऱ्याकडून. वीस-बावीस वर्षं ती माळ्यावर सुकत पडली होती. एका साखर कारखान्याच्या चेअरमनने आपल्या दुनळीसाठी ती दोनदा मागितली आणि अब्बांनी दोनदा, लाकूड अजून ओलं आहे, असं सांगून त्याला वाटेला लावलं. ती फळी कोणाला द्यायची हे त्यांनी ठरवलं नव्हतं आणि मीही ठरवलं नव्हतं. पण गिऱ्हाइकापुढे माल लपवायचा नाही ही दुकानाची रीत, म्हणून काढली.

“सागवान लाव की,” सुभेदार म्हणाले. “वरसातनं एकदा तर भाईर काढायची.”

“सागवान खाटेला लावा, दाराला लावा,” मी म्हटलं. “चापाच्या मागं दस्ता मनगटाएवढा बारीक होतो. तिथं सागवान फाटतं. शिसव फाटायचं नाही, पण जड. आणि हे अक्रोड. सरकारी रायफलीला हेच असायचं.”

हौसाबाई पुढे झाल्या. त्यांनी प्रत्येक फळी उचलून दोन्ही हातांवर तोलली. मी मनातल्या मनात म्हणत होते, शिसव घ्या मावशी, शिसव घ्या. शिसव दिसायला देखणं होतं, काळसर, रेघारेघांचं. त्यांनी ते दोनदा उचललं. मग अक्रोड उचललं आणि खाली ठेवलंच नाही.

“ह्यो हलका हाय,” त्या म्हणाल्या. “रजेवर आले की खांदा चोळून घ्यायचे. म्हनायचे, हौसे, चढावर आदी बंदूक जड हुती, मग बूट, मग आपुन. तवा हलकंच बगा.”

मी फळी बाजूला काढून ठेवली. चेअरमनची आणि माझी, दोघांचीही आशा तिथे संपली.

मग जुना दस्ता काढायला घेतला. त्याच्या मागच्या टोकाला पितळी पट्टी असते, तिच्यात एक झाकण. ते उघडून लांब पेचकस आत घातला, आतला बोल्ट सैल केला आणि कवच अलगद सुटून माझ्या हातात आलं. वजन पापडाएवढं. मी ते फळीवर ठेवलं आणि माप घेण्यासाठी पेन्सिल उचलली.

या रायफलीच्या दस्त्यांचं एक आहे. ते एका मापाचे नसतात. आखूड, मधला, लांब असे येतात. पलटणीचा आर्मोरर, म्हणजे हत्यारांचा कारागीर, जवानाचा हात बघून दस्ता बसवतो. अब्बांकडे त्याची सोपी रीत होती. कोपर वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवायचं आणि बोट चापावर सहज पडतंय का बघायचं. पडलं तर बंदूक तुमची. बोट अलीकडे राहिलं किंवा पुढे गेलं तर दुसऱ्याची. बंदूक उचलून देण्याआधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाचं कोपर बघायचे, शिंप्यासारखे.

कवचाचं माप बघून मी सहज म्हणाले, “मावशी, तुमचे मालक चांगले उंच होते की. लांब हाताच्या माणसाचा दस्ता आहे हा.”

हौसाबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, अगदी पोरीसारख्या हसल्या.

“उंच? अगं माज्या कानाला लागायचे. जोडीनं देवाला जाताना सासूबाई मला म्हनायच्या, जरा वाकून चाल. न्हवं का हो भावजी? पलटणीत काय म्हनायचे त्यास्नी?”

सुभेदार फेटा चाचपत राहिले.

“टिल्लू म्हनायचे,” हौसाबाईंनीच सांगितलं. त्या अजून हसत होत्या. मग त्यांची नजर सुभेदारांच्या तोंडावर गेली आणि हसू तिथेच थांबलं.

मी पेन्सिल खाली ठेवली. मला तेव्हा समजलं मी काय बोलून बसले ते. माझ्या हातात त्या बाईची एकुलती एक वस्तू होती आणि ती तिची नव्हती, हे मीच मापाने सिद्ध करून दाखवलं होतं.

“सैन्यात कधीकधी जो मिळेल तो दस्ता बसवतात,” मी घाईघाईने म्हटलं. “धांदल असते. माप कोण बघतंय?”

“गप गं पोरी,” सुभेदार म्हणाले. रागाने नाही. मग त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. “वहिनी, ही हैबतीची न्हाई.”

बाहेर गल्लीत भांड्यांना कल्हई लावणाऱ्याचा भाता चालला होता.

“डेपोत अशा लई पडल्या हुत्या,” सुभेदार सांगू लागले. “पलटण म्हनाली गावाला एक घ्या. म्या एक उचलली. गावात आनली तवा समदी वेशीत उबी हुती. तुमी फुडं आलासा आणि इचारलंसा, ‘ह्यांचीच हाय का?’ तुमचं त्वांड बगितलं आणि माज्या तोंडातनं ‘व्हय’ गेलं. एकदा गेलं ते गेलं. मग रातीत नंबर घातला. जुना नंबर खरवडून. त्याचा नंबर माज्या ध्यानात हुताच.”

“मग त्यांची कुटं हाय?” हौसाबाईंनी विचारलं.

“तितंच.”

“तितं म्हंजी?”

“त्याच्यापाशी. आमाला मागं फिरायचा हुकूम आला. मी त्याला वढायला गेलो, पर त्यो... त्यो गेला हुता वहिनी. बर्फ गुडघ्याच्या वर. दोन हात हुतं मला, दुसरा एक जिता हुता, त्याला उचललं. हैबतीची बंदूक त्याच्याच हातात हुती. बोटं धरून बसली हुती. म्या सोडवली न्हाई.”

तेरा वर्षं सलामी देणारा तो माणूस माझ्या स्टुलावर मान घालून बसला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मला हौसाबाईंकडे बघवेना म्हणून मी उगाच पेचकस पुसत राहिले.

मग हौसाबाईंनी विचारलं.

“हातातच हुती म्हनता?”

“व्हय.”

“म्हंजी मोकळ्या हातानं न्हाई गेले.”

“न्हाई वहिनी. अजाबात न्हाई.”

“हे मला आदी सांगायचं हुतं हो भावजी,” त्या म्हणाल्या आणि मग रडल्या. “मला वाटायचं, बंदूक हितं आली, मग त्यांच्यापाशी काय ऱ्हायलं? एकटं, काय न्हाई हातात. दर वरसाला हार घालताना मनात यायचं, ही त्यांच्यापाशी असती तर बरं झालं असतं. तेरा वरसं ह्ये मनात घिऊन बसले मी. आणि ती तितंच हुती.”

सुभेदारांनी फेट्यात तोंड लपवलं. मी उठून माठातलं पाणी आणलं. दोघांनीही ते घेतलं नाही, मग मीच प्यायले.

मी वाट बघत होते, की आता त्या घोंगडी उचलतील आणि जातील. रायफल सोडून. गेल्या असत्या तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. पण हौसाबाईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि लुगड्याचा पदर खोचला. मग त्या माझ्यासमोर आल्या, उजवा हात पुढे केला.

“घे माप.”

“तुमचं?”

“माजंच. त्यातनं दोन बोटं कमी कर.”

मला काही कळेना. त्यांनी मग नीट समजावून सांगितलं, जसं एखाद्या अडाण्याला सांगावं.

“परसात रांजण पुरलेला हुता. गळ्यापतुर मातीत. त्याच्या बुडाला गाळ बसायचा. रजेवर आले की म्हनायचे, मी काडतो. पालथं पडून हात घालायचे, पार खांद्यापतुर, गाल रांजणाच्या काठाला. पर बुडाला बोट लागायचं न्हाई. दोन बोटं कमी पडायची. मग मी हात घालायची आणि मूठभर गाळ वर काडायची. दर रजेला. दर बारीला दोनच बोटं. सासूबाई म्हनायच्या, पलटणीनं घेतला तरी कसा ह्याला.” त्यांनी हात माझ्या अंगाला जवळजवळ लावलाच. “माज्या हाताचं माप तुला घेता येतंय न्हवं?”

मी त्यांच्याकडून कोपर वाकवून घेतलं. खळगीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत दोरी धरली. अब्बा असते तर त्यांनी काय केलं असतं याचा विचार केला. दोन बोटं अख्ख्या हाताची. त्यातलं निम्मं खांद्यापासून कोपरापर्यंतचं, निम्मं कोपराखालचं. म्हणून दोरीवर एक बोट मागे गाठ मारली.

ती गाठ जुन्या दस्त्यावर धरली तर कवच चांगलं बोटभर पुढे उरलं. पलटणीच्या मापात हैबती जगदाळ्यांना आखूड दस्ता बसला असता, मधलाही नाही.

“वहिनी, गावाला काय सांगायचं?” सुभेदारांनी हळूच विचारलं.

“काय सांगायचं? दस्ता बदलला म्हनायचं.”

पुढचे दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. अक्रोड करवतीखाली गेलं तेव्हा आतून असा रंग निघाला की मी हातातलं काम टाकून बघत बसले. अब्बांना दाखवायला हवं होतं. दस्त्याचा आकार करणं एक वेळ सोपं, तो लोखंडात बसवणं अवघड. लोखंडाच्या खोबणीला आतून तेलात कालवलेली काजळी लावायची, दस्त्याचं टोक आत दाबायचं, बाहेर काढायचं. लाकडावर जिथे काळं उमटेल तिथे ते टेकतंय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. सगळीकडे सारखं काळं उमटेपर्यंत. एका बाजूनेच टेकलं तर गोळी उडताना दणका बसतो आणि लाकूड फाटतं.

ही रायफल आता कुणाला दणका देणार नव्हती. दोन खिळे ठोकून भागलं असतं. पण मला तसं काम येत नाही, आणि हैबतींच्या नावाने तर मुळीच करायचं नव्हतं. शेवटच्या दिवशी काजळी गोल, अखंड उमटली. मग जवसाचं तेल तळहातावर घेऊन चोळत राहिले. खांदा चोळून घ्यायचे म्हणाल्या होत्या, ते सारखं आठवत होतं.

ठरल्या दिवशी दोघं आली. सुभेदारांच्या पिशवीत पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश होता. नंबर त्यांना स्वतःच्या हाताने घालायचा होता. ते रीतसर विचारायला लागले, “वहिनी, तुमी म्हनाल तर...”

हौसाबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्या हातून रायफल घेतली, कोपर वाकवलं, दस्त्याचं टोक खळगीत टेकवलं. कुणी दाखवलं नव्हतं, त्या दिवशी माप घेताना बघितलं होतं तेवढंच. त्यांचं बोट चापाच्या पुढे गेलं. एक बोट पुढे. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट त्या मोकळ्या जागेत ठेवलं आणि मोजलं.

“हितं त्यांचं बोट येतं,” त्या म्हणाल्या.

मी आणि सुभेदार, दोघंही बघत उभे राहिलो. खरंच आलं असतं. इतके दिवस ते माप माझ्यासाठी दोरीवरची एक गाठ होती. त्या क्षणी मात्र मला हैबती जगदाळे दिसले, बुटके, पालथे पडलेले, गाल रांजणाच्या काठाला टेकवून हसणारे.

“नंबर घालू न्हवं?” सुभेदारांनी पुन्हा विचारलं. डबी उघडून झाली होती.

“नंबर कशाला? माप हाय की.”

सुभेदारांनी डबीचं झाकण लावलं. हौसाबाईंनी रायफल घोंगडीत गुंडाळली, अगदी बाळाच्या दुपट्यासारखी कडा दुमडून. आणि या वेळी ती त्यांनी सुभेदारांच्या हातात दिली. “घ्या भावजी, एसटीपतुर तुमी न्या,” म्हणाल्या. सुभेदारांनी ती घेतली आणि ते बुटांच्या दिशेने गेले. त्यांना बूट घालायला बराच वेळ लागला.

दारात पोचल्यावर हौसाबाई थांबल्या आणि मागे वळल्या.

“त्यो जुना कुटं हाय गं?”

“दस्ता? आहे की, टेबलाखाली. भुगाच आहे मावशी. जाळून टाकणार होते.”

“जाळू नगंस.” त्या परत आत आल्या. मी कवच काढून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, ४७ वरून अंगठा फिरवला. “उंच माणूस हुता म्हनालीस न्हवं? लांब हाताचा?”

“हो.”

“तेरा वरसं मी त्यालाच हार घातला की गं. त्याची बी कुनीतरी असंल कुटंतरी. तिला काय आलं आसंल, देव जाणे.” त्यांनी ते कवच माझ्या हातात परत दिलं. “जपून ठेव. माज्याकडं कपाट एकच हाय.”

त्या गेल्या. मी संध्याकाळपर्यंत काही काम केलं नाही.

कवचाला मी आतून लाख भरली, म्हणून ते टिकलं. आज इतक्या वर्षांनी तोंडी लावायलाही ठासणीची बंदूक येत नाही, दुकान निम्मं कुलुपं-किल्ल्यांचं झालंय, पण समोरच्या फळीवर ते उभं आहे. कार्तिकात स्मारकाच्या दिवशी मी त्याला एक झेंडूचा हार घालते. गिऱ्हाईक विचारतं, हे कुणाचं?

मी सांगते, एका उंच माणसाचं. कुणी घ्यायला येईपर्यंत ठेवलंय.